हरतालिका ते भाऊबीज : सण करणाऱ्या माणसांच्या तब्येतीचं काय?

शेवंती (पुणे)

श्रावण अर्धा सरला, म्हणून हा धागा आत्ताच काढते आहे. गणपती आल्यावर कुणालाच वेळ नसतो.

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीला सकाळी मी ओट्याला धरून खाली बसले. हाताला मोदकाचं सारण चिकटलेलं. घामाने पाठ भिजली होती, बोटं थरथरत होती. मुलगा काय विचारतोय ते ऐकू येत होतं, पण उत्तर जुळत नव्हतं. त्याने ग्लुकोमीटर लावला, आकडा आला ५४. आदल्या दिवशी हरतालिका निर्जळ केलेली. सकाळी नुसता चहा घेतला, मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली आणि नैवेद्य व्हायचा म्हणून खाल्लं काहीच नाही. गुरुजी यायला साडेबारा झाले असते. म्हणजे दीड दिवस उपाशी पोटी मी एकवीस मोदकांची उकड मळायला निघाले होते.

बरी झाल्यावर एका संध्याकाळी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे सणाची कामं लिहून काढली. समया घासणं, मखराचं सामान माळ्यावरून काढणं, गौरींच्या साड्यांना इस्त्री, गुरुजींना फोन, पत्री, पाहुण्यांच्या गाद्यांच्या खोळी, पुरणाची डाळ निवडणं, हळदीकुंकवाची वाणं, कोण रागावलंय म्हणून कुणाला आधी फोन करायचा ते. एकूण ४३ कामं. त्यातल्या ३८ कामांपुढे माझं नाव आलं. ते पान मी फ्रिजवर लावलं. यांनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं, "हे दरवर्षी होतं?" एकतीस वर्षांच्या संसारात त्यांना ते दिसलंच नव्हतं, कारण कुणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

योगासनं, दीर्घ श्वसन, सकाळी चालणं हे सगळं चांगलंच आहे, मी करते. पण ऐन सणात "स्वतःसाठी वेळ काढा" असं कुणी सांगितलं की त्रेचाळीसावर चव्वेचाळीसावं काम वाढतं. माझं मत आता पक्कं झालंय : आधी काम कमी व्हायला हवं, आणि काम कमी करायचं तर ते आधी कागदावर दिसायला हवं.

तुमच्याकडे काय करता, सविस्तर लिहा. उपासाचं, झोपेचं, पैशाचं, माणसांचं, सगळंच.

ज्येष्ठाकनिष्ठा (नागपूर)

आमच्याकडे महालक्ष्म्या. दुसऱ्या दिवशीच्या जेवणाला चाळीसेक माणूस असतं. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, दोन्ही गुडघे गेलेले, तरी पहाटे चारपासून उभ्या. आंबील, पुरण, कढी, वडे, सोळा भाज्या.

तीन वर्षांपूर्वी जाऊबाईंनी सोळा भाज्या एकत्र करून एकच भाजी केली. सासूबाई आधी गप्प होत्या. मग म्हणाल्या, माझ्या माहेरी अशीच करायचे. इतकी वर्षं त्यांनाही ते बोलायचं धाडस झालं नव्हतं! भाज्या चिरायचं काम आता आदल्या रात्री दिवाणखान्यात, पेपर अंथरून, पुरुष आणि पोरं मिळून. पुरण यंत्रातून काढायला सासूबाईंसाठी एक उंच स्टूल आणलं. त्या बसून करतात. साधी गोष्ट आहे, पण ओटा उभ्याने वापरायचा असं डोक्यात इतकं बसलेलं असतं की स्टूल सुचायला गुडघे जावे लागतात.

स्टेथो (नाशिक)

शेवंतीताई, थोडक्यात वाचलात. मी फिजिशियन आहे. दर वर्षी हरतालिका आणि नवरात्रात अशा दोन-चार जणी तरी येतातच, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

मधुमेहाच्या सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवा किंवा न जेवा. उपाशी पोटी त्या घेतल्या की साखर घसरते. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तसंच. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर तो धोका बराच कमी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, तिच्याबरोबर पाणीही जातं, आणि अन्न-पाणी दोन्ही बंद असेल तर रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. आणि हे साखर फारशी न वाढताही होतं, त्यामुळे लक्षात येत नाही. म्हणून उपास करायचाच असेल तर आठवडाभर आधी गोळ्यांची पाकिटं घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा आणि "कुठली बंद, कुठली अर्धी, कुठली कधी" हे लिहून घ्या. स्वतःच्या मनाने गोळी बंदही करू नका, चालूही ठेवू नका. निर्जळ उपास मात्र गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी करूच नये.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत मोजायची, अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्यायची. मग काहीतरी पोटभरीचं खायला द्यायचं. सणाच्या घरात हाताशी पेढे-लाडू असतात, पण ते देऊ नका. तुपाने साखर रक्तात उतरायला उशीर लागतो. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन.

नवरात्राबद्दल : साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीत प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून. नऊ दिवस दोन वेळा खिचडी खाल्ली तर थकवा येणार आणि साखर चढणार. राजगिरा, दही, ताक, दूध, भिजवलेले शेंगदाणे, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर हे उपासाला चालतं आणि अंगीही लागतं. भगरीच्या पिठातून विषबाधा झाल्याच्या बातम्या नवरात्रात येतात. सुटं, जुनं पीठ आणू नका. भगर आणून निवडून, धुऊन, लागेल तेवढीच दळा.

मोगरा (ठाणे)

मला जे विचारायचंय ते घरात मोठ्याने बोललं जात नाही.

गौरी माझ्या तारखेवर येताहेत. सासूबाई चांगल्या आहेत, त्यांनी जबरदस्ती केलेली नाही, फक्त म्हणाल्या, "गोळी घेतेस ना?" लग्न झाल्यापासून चौथं वर्ष. गौरीला घेते, नवरात्राला घेते, एकदा लक्ष्मीपूजनालाही घेतली. कोपऱ्यावरचा औषधवाला नाव सांगितलं की देतो, चिठ्ठी मागत नाही. गेल्या वेळी डोकं इतकं दुखलं की दोन दिवस उलट्या. हे ठीक आहे का?

स्टेथो (नाशिक)

नाही, मोगरा, ठीक नाही. विचारलंत ते फार बरं केलंत.

ती पाळी पुढे ढकलायची गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉन असणार. पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा घेतात, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. निरोगी बाईने डॉक्टरांनी तपासून दिल्यावर एखाद्या वेळी घेतली तर सहसा काही होत नाही. पण शिरांमध्ये रक्ताची गुठळी आधी झालेली असेल, जवळच्या नात्यात कुणाला झाली असेल, डोळ्यांपुढे चमचमाट होऊन उठणारी अर्धशिशी असेल, यकृताचा आजार असेल, वजन फार असेल किंवा धूम्रपान असेल तर हे औषध धोक्याचं आहे. तुमच्या डोकेदुखीबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना आधी सांगा, गोळीचं नंतर बघू. कुणी घेत असेल आणि एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर सण बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

आणखी एक. ही गोळी गर्भनिरोधक म्हणून धरू नका. या डोसमध्ये ती त्यासाठी नसते.

शेवंती (पुणे)

मोगरा, मी सासू आहे म्हणून लिहिते. माझ्या सुनेलाही मी दोन वर्षं हेच विचारलं होतं, अगदी त्याच शब्दांत. मला तो साधा प्रश्न वाटायचा. तिला तो प्रश्न वाटत नव्हता, हे मला कळायला उशीर झाला. या वर्षी तिला सांगितलंय, तारीख आली तर आली. पूजा मी करीन, नाहीतर मुलगा करील. गौर माहेरवाशीण म्हणून येते. माहेरवाशिणीला कुणी तारीख विचारतं का?

तुझ्या सासूबाईंना हा धागा वाचायला दे. रागावल्या तर माझ्यावर रागावू देत.

तुळशीवृंदावन (सातारा)

मी ६८ वर्षांची आहे. चव्वेचाळीस वर्षं गौरी बसवते. वरचं सगळं वाचून मला वाईट वाटलं, ते मोकळेपणाने लिहिते.

आमच्या वेळी वर्षभर घरात बाईचं कुणी ऐकत नसे. गौरीचे तीन दिवस मात्र घर माझं असायचं. उंबऱ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढायची, घरभर फिरवून "गौर आली, कशाच्या पावलांनी आली" विचारायचं, रात्री झिम्मा-फुगडी. त्या तीन दिवसांवर मी वर्ष काढायची. तुम्ही त्याची यादी केलीत, मोजलंत, वाटून टाकलंत. मग सणात उरलं काय? काम म्हणून मोजलं की ती हमाली होते.

शेवंती (पुणे)

तुळशीवृंदावनताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता ते खोटं नाही.

यादी केल्यावर मी प्रत्येक कामापुढे आणखी एक खूण केली होती : यातलं कुठलं मला स्वतःला हवं आहे. पावलं काढणं, गौरीला साडी नेसवणं, मोदकाला पाकळ्या पाडणं. त्याला मी कुणाला हात लावू देत नाही, देणारही नाही. अशी सात कामं निघाली. उरलेल्या ३६ कामांमुळे त्या सातांचा आनंद मला मिळत नव्हता. साडी नेसवताना अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असायचं. गेल्या वर्षी तर गौरीच्या मुखवट्याकडे मी नीट पाहिलंसुद्धा नाही, नंतर फोटोत पाहिलं.

तुम्हाला त्या तीन दिवसांतलं न आवडणारं काहीच नव्हतं का?

तुळशीवृंदावन (सातारा)

भांडी. पितळेची पातेली राखेने घासायची, पाऊस चालू असताना, मागच्या दारी. तेव्हा थोरल्याच्या वेळचा सातवा महिना होता. हे मी कधी कुणाला बोलले नव्हते.

सात कामांचं पटलं. मीही लिहून बघते.

कोकणवाट (डोंबिवली)

आम्ही दर वर्षी चिपळूणजवळ गावच्या घरी जातो. आमचा ताण प्रवासाचा. मुंबई-गोवा महामार्गावर माणगावला अडकलो की चार-चार तास गाडी जागची हलत नाही. बायका घरून निघतानाच पाणी पिणं बंद करतात, कारण वाटेत स्वच्छ शौचालय मिळेलच असं नाही. परवाचीच गोष्ट वाटते, पण दोन वर्षं झाली : बहिणीला गावात पोचल्यावर थंडी वाजून ताप. लघवीचा संसर्ग निघाला. पाच दिवसांचा गणपती तिने आतल्या खोलीत पडून काढला, आरती ऐकत.

आता आम्ही रात्री न निघता पहाटे निघतो, चतुर्थीच्या दोन दिवस आधी. सुट्टी एक दिवस जास्त जाते. थांबायच्या जागा आधी ठरवलेल्या, तिथे थांबायचं म्हणजे थांबायचंच. वडिलांच्या रक्तदाबाच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नाही, त्यांच्या शर्टाच्या खिशात. चार दिवसांच्या जास्तीच्या आणि चिठ्ठीचा फोटो माझ्या फोनमध्ये. गावात तीच गोळी मिळेल असं धरून चालायचं नाही.

गाडी चालवणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाही. दिवसभर ऑफिस, रात्रभर ड्रायव्हिंग, सकाळी मूर्ती आणायला डोक्यावर पाट घेऊन हाच. आमच्यात चुलतभाऊ आणि मी दर दोन तासांनी बदलतो.

मंडपासमोर (कोल्हापूर)

घरात नऊ महिन्यांचं बाळ आणि बायपास झालेले वडील. समोर मंडप. विसर्जनाच्या मिरवणुकीत खिडकीच्या काचा थरथरतात, वडील छातीवर हात धरून बसतात. ताण म्हणजे काय ते मला त्या रात्री कळतं.

कायदा असा आहे : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवू शकतं. तक्रार ११२ वर करता येते.

पण मी आधी मंडळाच्या पोरांकडे गेलो, गणपतीच्या तीन आठवडे आधी, वडिलांना बरोबर घेऊन. वडिलांनी शर्टाची वरची दोन बटणं काढून ऑपरेशनचा व्रण दाखवला. पोरं आमच्याच गल्लीतली, लहानपणी वडिलांकडे गणित शिकलेली. स्पीकरचं तोंड दुसरीकडे वळवलं आणि रात्री दहाला बंद, असं ठरलं, दहा दिवस पाळलंही. विसर्जनाच्या मिरवणुकीवर त्यांचंही काही चालत नाही, म्हणून त्या रात्री आम्ही मावशीकडे राहायला जातो. बाळाच्या कानात कापूस घालून काही होत नाही. कान झाकणारे मफ मिळतात, ते घ्या.

शेवंती (पुणे)

गणपती गेले, म्हणून सांगायला आले. हरतालिकेला डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गोळी बदलली, दूध-फळं घेतली, पाणी प्यायले. चतुर्थीला पहाटे देवापुढे दूध-साखरेचा नैवेद्य दाखवला आणि नाश्ता करून मगच उकड काढायला घेतली. मोदकांचा नैवेद्य दुपारी. गुरुजींना आधी फोनवर विचारलं होतं. ते म्हणाले, काहीच हरकत नाही, हे आधी का नाही विचारलंत?

यांनी समया घासल्या. चिंच नीट न धुतल्याने एका समईवर डाग राहिला. मी परत घासायला घेतली नाही. ते मला जमलं, याचा आनंद आहे.

फराळवाली (सोलापूर)

दिवाळीचं सांगते. आम्ही चार घरं मिळून फराळ करतो. एक घर सगळ्यांच्या चकल्या, दुसरं करंज्या, तिसरं चिवडा-शेव, आमचे लाडू. मग साटंलोटं. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, ते आता कुणाकडेच होत नाही. बचत गटातल्या बाईंकडून विकत आणतो, तिचीही दिवाळी होते.

तळणीचं तेल दिवसभर तेच तापवत राहू नका. काळपट, चिकट झालं, फेसाळायला लागलं की टाकून द्या. भाजलं तर लगेच नळाच्या गार पाण्याखाली, वीस मिनिटं. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावायचं नाही. माझ्या हातावर टूथपेस्टमुळे चिघळलेली खूण अजून आहे.

पैशाचं : भिशी आम्ही दिवाळीच्या महिन्यात फोडतो. कपडे-भेटवस्तू हप्त्यावर घ्यायच्या नाहीत, असं चारही घरांनी ठरवलंय. एकीने घेतलं की बाकीच्यांना घ्यावंच लागतं, म्हणून एकत्र ठरवलं.

एकटाच (नाशिक)

धागा सुरुवातीपासून वाचतोय. तुम्हा सगळ्यांकडे कामं फार आहेत. माझ्याकडे या वर्षी कामच नाही.

चैत्रात ती गेली. ही पहिली दिवाळी. मुलगी परदेशात, तिला सुट्टी नाही. आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षी फराळ करत नाहीत, कंदील लावत नाहीत. सोसायटीत सगळ्यांच्या खिडक्यांत कंदील लागलेत. संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ जात नाही. झोप तीन वाजता येते. जेवण म्हणजे दूध-पोहे.

ज्येष्ठाकनिष्ठा (नागपूर)

काका, आमच्याकडे अशा वर्षी नातलगच फराळ घेऊन त्या घरी जातात, तिथे बसून खातात, आठवणी काढतात. तुमच्या लोकांना कदाचित वाटत असेल, जावं की न जावं. त्यांची वाट बघू नका. तुम्हीच एकाला फोन करा आणि "ये" म्हणा.

स्टेथो (नाशिक)

काका, झोप आणि जेवण दोन्ही गेलंय आणि बरेच दिवस झालेत, तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. दुःख असणं हा आजार नाही, पण त्यातून नैराश्य येऊ शकतं आणि त्यावर उपचार आहेत. रात्री तीनला कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मीही नाशिकचाच. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, बघा.

तुळशीवृंदावन (सातारा)

भाऊ, सहाला दिवा लावायला दुखवट्याची आडकाठी नसते. एक पणती तिच्या फोटोपाशी लावा. आणि पोह्यांत दाणे घाला.

एकटाच (नाशिक)

भाऊबीज झाली. पाडव्याला तिच्या भावाला फोन केला. तो म्हणाला, आम्ही चार दिवस ठरवतोय, तुम्हाला आवडेल की नाही कळत नव्हतं. काल ते तिघं आले, डबे घेऊन. डॉक्टरसाहेबांकडे जाऊन आलो, परत बुधवारी बोलावलंय.

डब्यातल्या चकल्या तिच्या पद्धतीच्या होत्या, ओव्याच्या. तिनेच शिकवल्या होत्या म्हणे भावजयीला. प्रवासात जरा मऊ पडल्या होत्या. आम्ही चौघांनी बसून संपवल्या.